काकांच्या .३२ पिस्तुलाची रेस गन होईल का?

अंबाजोगाईच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, मोबाईलवर रेस गनचे व्हिडिओ बघतो. वर काचेची खिडकी, नळीच्या तोंडाला भोकं, खाली लांबलचक मॅगझिन, आणि पापणी लवायच्या आत दहा-बारा गोळ्या. साध्या पिस्तुलात आणि ह्यात नेमका फरक काय? आमच्या काकांकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे. ट्रिगर हलका करून, साइट बदलून ते स्पर्धेला चालेल का? धाकटी बहीण चौदा वर्षांची आहे, तिला नेमबाजीत घालायचंय."

दादा, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी पिस्तुलं एका पोत्यात आलीत. एक व्हिडिओतलं, एक काकांच्या कपाटातलं आणि एक उद्या बहिणीच्या हातात येईल ते. तिघांचं एकमेकांशी नातं फार लांबचं आहे. तिन्ही वेगळी करून बोललो तर काकांच्या पिस्तुलाचं उत्तर तुम्हाला आपोआप सापडेल.

मी संभाजीनगरात पिस्तूल शिकवतो. आधी स्वतः खेळलो, आता जास्त वेळ पोरांच्या ग्रिप (पिस्तुलाच्या मुठी) तासण्यात आणि त्यांची पिस्तुलं उघडून बघण्यात जातो. ह्या कामात एक गोष्ट पक्की कळली. कुठलंही पिस्तूल हातात आलं की ते चांगलं की वाईट हे विचारून काही हाती लागत नाही. ते कुणाच्या अटींवर बनलंय हे विचारावं. साध्या पिस्तुलाच्या अटी रस्त्याने घातलेल्या असतात, स्पर्धेच्या पिस्तुलाच्या अटी नियमपुस्तकाने. बाकीचे सगळे फरक तिथून निघतात.

आधी रस्त्याच्या अटी बघू. बंदोबस्तावरच्या फौजदाराच्या कमरेला वर्षानुवर्षं जे दिसत आलंय ते ९ एमएम १ए, इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवरचं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. आता बऱ्याच ठिकाणी ग्लॉकही आलंय. ग्लॉक १७ रिकामं असताना साधारण ६३० ग्रॅम भरतं आणि त्याची नळी ११४ मिलिमीटरची. अशा पिस्तुलाकडून अपेक्षा काय? दिवसभर कमरेला असावं पण जड होऊ नये. मे महिन्यात जालना रोडला धूळ खाल्ली, घामात भिजलं, महिनाभर कुणी तेल घातलं नाही, तरी गरजेच्या वेळी पहिली गोळी सुटावी. जमिनीवर पडलं तर सुटू नये. झटापटीत, घाबरलेल्या बोटाने, चुकून दाबलं जाऊ नये. आणि ठाण्यातल्या कुणाच्याही हातात दिलं तरी चालावं, हात मोठा असो की लहान.

ह्या अटींची किंमत अचूकतेत मोजावी लागते. धूळ आत गेली तरी स्लाइड (वरचा पुढेमागे धावणारा भाग) अडकू नये म्हणून स्लाइड आणि फ्रेममध्ये (खालच्या सांगाड्यात) थोडी जागा सोडलेली असते. हातात धरून हलवलं तर किंचित खडखडतं, आणि ते तसंच असायला हवं. ट्रिगर मुद्दाम जड ठेवलेला असतो, ग्लॉकचा अडीच किलोच्या आसपास. साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, बुटक्या आणि कडा गोल केलेल्या, कारण उपसताना कपड्यात अडकायला नकोत. ही सगळी शहाणपणाची कामं आहेत. अशा पिस्तुलाला 'साधं' म्हणून नाक मुरडणारे बहुतेक रेंजच्या सावलीतच वाढलेले असतात.

आपल्याकडे शंकरपटाचा बैल आणि औताचा बैल एकाच गोठ्यात दिसले तरी पटाच्या बैलाला कुणी नांगराला जुंपत नाही, आणि औताच्या बैलाला पटात उतरवून हसं करून घेत नाही. इथेही तसंच. रेस गन म्हणजे पटाचा बैल. तिला रस्त्याच्या सगळ्या अटींतून मोकळं केलेलं असतं आणि बदल्यात एकच काम दिलेलं असतं.

ते काम कोणतं? तुम्ही बघता ते व्हिडिओ बहुतेक आयपीएससीच्या सामन्यांचे, म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगचे. ही संघटना १९७६ साली अमेरिकेत कोलंबिया, मिसुरी इथे उभी राहिली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. खेळाडू धावतो, आडोशातून नेम धरतो, कागदी आणि पोलादी लक्ष्यं मारतो, घड्याळ चालू असतं. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा हिशेब. ह्या भागाकाराला हिट फॅक्टर म्हणतात. म्हणजे नुसता अचूक असून भागत नाही आणि नुसता वेगवान असूनही नाही. ह्या खेळात वेगवेगळे विभाग आहेत. त्यातला 'ओपन' विभाग सर्वांत मोकळा. डॉट साइट (ती काचेची खिडकी) लावा, नळीला कॉम्पेन्सेटर (तोंडाची ती भोकं) लावा, लांब मॅगझिन वापरा, सगळं चालतं. तुमच्या व्हिडिओतली रेस गन ती हीच.

आता नियमपुस्तक पिस्तूल कसं घडवतं ते बघा, मला ह्यात फार मजा वाटते. आयपीएससीत गोळीच्या ताकदीचा एक आकडा काढतात, पॉवर फॅक्टर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोघांचा गुणाकार आणि भागिले हजार. १२४ ग्रेनची नेहमीची ९ एमएम गोळी ११०० फुटांच्या वेगाने गेली तर आकडा येतो १३६. ही 'मायनर'. ओपनमध्ये 'मेजर' व्हायला १६० लागतात, म्हणजे तीच गोळी १३०० फुटांच्या आसपास न्यावी लागते. एवढी उठाठेव कशाला? कारण लक्ष्याच्या मधल्या भागात, अल्फात, दोघांनाही ५ गुण मिळतात, पण थोडं बाहेर चार्लीत लागली तर मेजरला ४ आणि मायनरला ३. आणखी बाहेर डेल्टात २ आणि १. पळता पळता मारताना सगळ्या गोळ्या अल्फात बसत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळीमागचा तो एक गुण सोडवत नाही.

मेजर करायचं तर दारू जास्त, दारू जास्त तर धक्का जास्त आणि गॅसही जास्त. इथे नळीच्या तोंडाची ती भोकं कामाला येतात. गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा गॅस कॉम्पेन्सेटरच्या वरच्या भोकांतून वर फेकला जातो, आणि वर जाणारा गॅस नळीला खाली दाबतो. एरवी गोळी सुटली की पिस्तुलाचं तोंड वर उडतं. इथे ते जवळपास जागेवर राहतं, डॉट काचेतून फारसा बाहेर जात नाही, आणि पुढची गोळी लगेच सोडता येते. गंमत अशी की गॅस जितका जास्त तितकं कॉम्पेन्सेटर चांगलं चालतं. कमजोर गोळी घातली तर ती भोकं निव्वळ शोभेची. नियमाने लादलेली जादा दारूच पिस्तूल शांत ठेवायला उपयोगी पडते. .३८ सुपर हे १९२९ सालचं काडतूस ह्या खेळात पुन्हा मानाला आलं ते ह्याच कारणाने. त्यात दारूला जागा भरपूर आणि ते जादा दाब सहन करतं. अलीकडे पुष्कळजण ९ एमएममधूनच मेजर काढतात.

काचेची खिडकी म्हणजे डॉट साइट. तिचा फायदा नुसता 'चांगलं दिसतं' एवढा नाही. लोखंडी साइटवर नेम धरताना डोळ्याला तीन अंतरं सांभाळावी लागतात: मागची खाच, पुढची फोरसाइट आणि लांबचं लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो, म्हणून आम्ही पोरांना वर्षभर ओरडत असतो, "फोरसाइट बघ, टार्गेट धूसर राहू दे." डॉटमध्ये ही कसरतच उरत नाही. नजर लक्ष्यावर ठेवायची, लाल ठिपका आपोआप त्याच्यावर दिसतो. रेस गनमध्ये ही साइट बहुधा स्लाइडवर न बसवता फ्रेमला पट्टी लावून बसवतात. स्लाइड पुढेमागे धावते, पण साइट स्थिर राहते आणि तिला दर गोळीला हिसका बसत नाही.

बाकीचं भरभर सांगतो. मॅगझिनला ओपनमध्ये १७० मिलिमीटर लांबीची मर्यादा आहे, त्यात पंचवीस-तीसच्या घरात गोळ्या मावतात. मॅगझिन झटकन आत जावं म्हणून मुठीच्या तळाला नसराळ्यासारखं तोंड असतं. स्लाइडला जागोजागी खाचा पाडून ती हलकी केलेली असते. स्लाइड आणि फ्रेम इतकी घट्ट बसवलेली असतात की बोटाने हलवून खडखडाट निघत नाही. ट्रिगर किलोभराच्या आसपास किंवा त्याहूनही हलका, त्याची चाल अगदी तोकडी. होल्स्टर म्हणाल तर पिस्तुलाला फक्त ट्रिगर गार्डपाशी धरतं. ते घालून बाजारातून फिरून या म्हटलं तर कुणी जाणार नाही.

आणि ही रेस गन नाजूक असते बरं का. तिची स्प्रिंग एका ठरावीक भरण्याच्या गोळीला जुळवलेली असते. दुसरी गोळी घातली की अडकायला लागते. कॉम्पेन्सेटरचा धूर डॉटच्या काचेवर बसतो, दोन स्टेजच्या मध्ये फडक्याने पुसावा लागतो. सामन्यात ती अडकली तर चार सेकंद आणि एक नंबर जातो. रस्त्यावर अडकली तर काय जाईल ते सांगायला नको. त्यामुळे "रेस गन साध्या पिस्तुलापेक्षा भारी" ह्या वाक्याला मी कधीच मान हलवत नाही. तिच्या पटात ती भारी, बस.

जाता जाता: कूपर आणि मंडळींनी हा खेळ काढला तो खऱ्या प्रसंगात पिस्तूल कसं चालवावं हे तपासायला. पण घड्याळ आणि बक्षीस आलं की माणूस नियमाची कड शोधतोच. बघता बघता खेळाने अशी पिस्तुलं जन्माला घातली की जी खऱ्या प्रसंगात कुणी जवळ बाळगणार नाही. मग पुन्हा 'प्रॉडक्शन'सारखा विभाग काढावा लागला, ज्यात कारखान्यातून येतं त्या धाटणीचं पिस्तूल, कॉम्पेन्सेटर नाही, डॉट नाही. खेळाने स्वतःच स्वतःला वळसा घातला म्हणा ना.

हे सगळं समजून घ्यायला छान आहे, पण तुमच्या घरासाठी ते जवळजवळ परग्रहावरचं. आपल्याकडे ९ एमएम हा सामान्य परवान्यावर न मिळणारा, प्रतिबंधित बोअर (नळीच्या भोकाचं माप) आहे. नेमबाजीची संघटना म्हणजे एनआरएआय, १९५१ सालची, आणि तिच्याखाली जिल्हा-राज्य-राष्ट्रीय अशी जी शिडी आहे ती मुख्यतः आयएसएसएफच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या प्रकारांची. तिथेही 'स्पर्धेचं पिस्तूल' वेगळंच असतं, पण वेगळ्या दिशेने. रेस गनला घाई आहे. ऑलिंपिकच्या पिस्तुलाला थांबायचंय.

तिथलं नियमपुस्तक बघा. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं: .२२ बोअर, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत, ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅम. डॉट चालत नाही, कॉम्पेन्सेटर चालत नाही. १० मीटर एअर पिस्तूल: ४.५ मिलिमीटरचा पेलेट, वजन १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. सामन्याआधी इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर ही पेटी खरोखर ठेवलेली असते. पिस्तूल कॉक करून, तोंड वर करून, ट्रिगरला वजन अडकवून हळू उचलतात. घोडा न सुटता वजन उचललं गेलं तर पास. पोरं ह्या टेबलापाशी जितकी घामाघूम होतात तितकी फायरिंग पॉइंटवरही होत नाहीत.

नियम बदलला की पिस्तूल कसं बदलतं ह्याचं उदाहरण द्यायचं तर रॅपिड फायर. पुरुषांच्या ह्या प्रकारात आठ, सहा आणि चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. विजय कुमारला लंडनला २०१२ साली रौप्य मिळालं ते ह्यातच. पूर्वी ह्याला .२२ शॉर्ट हे मवाळ काडतूस चालायचं आणि त्याच्यासाठी खास पिस्तुलं बनायची, ज्यांना धक्का जवळपास नसायचाच. २००५ साली नियम आला: .२२ लाँग रायफल आणि हजार ग्रॅमचा ट्रिगर. रात्रीतून ती महागडी पिस्तुलं कपाटात गेली. त्यांच्यात बिघाड एकही नव्हता.

आता मुख्य गाठ सोडवू: काकांचं .३२.

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हा प्रश्न रंजक आहे. आयएसएसएफमध्ये सेंटर फायर नावाचा प्रकार आहे. जसपाल राणाने १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते ह्यात. ह्याला ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअर चालतो. तुमच्या काकांच्या .३२चा बोअर ७.६५, म्हणजे त्या चौकटीतला. ट्रिगरही हजार ग्रॅमपेक्षा जड असायला हरकत नाही. म्हणजे नियमात ते कदाचित बसेल. स्कोअरमध्ये बसणार नाही.

का, ते आकड्याने सांगतो. खिशातल्या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर ११० मिलिमीटर धरू. फोरसाइट खाचेत एक दशांश मिलिमीटर सरकली, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी, तर २५ मीटरवर गोळी जवळपास २३ मिलिमीटर सरकते. प्रिसिजन लक्ष्याचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे केंद्रापासून २५. तेवढ्याशा चुकीने तुम्ही दहाच्या काठावर आलात, आणि अजून हात हललेला नाही, श्वास चुकलेला नाही, बोटाने ओढ दिलेली नाही. स्पर्धेच्या पिस्तुलावर २२० मिलिमीटर अंतर आहे. तीच चूक तिथे ११ मिलिमीटरवर येते. निम्मी.

दुसरं बोटाचं. काकांचं पिस्तूल साधारण सहा-सातशे ग्रॅमचं असेल आणि ट्रिगर मॉडेलप्रमाणे अडीच ते पाच किलोचा. म्हणजे पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाच्या चौपट ते सातपट जोर त्याच हाताचं एक बोट लावतं, आणि बाकीच्या हाताने पिस्तूल स्थिर ठेवायचं. एका हाताने, लांब धरून. ते हलणारच. स्पर्धेचं २५ मीटरचं पिस्तूल किलोच्या वर भरतं आणि ट्रिगर हजार ग्रॅम. एअर पिस्तूल किलोभराचं आणि ट्रिगर त्याच्या निम्म्याने. शिवाय हा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा बोट सहज मागे नेतं, मग एक भिंत लागते. त्या भिंतीवर बोट टेकवून थांबायचं, फोरसाइट मध्ये आली की एवढंसं दाबायचं. ती भिंत हाताला समजली की शिकणाऱ्याचा चेहरा बदलतो, मी दर वेळी बघतो.

मग म्हणाल, काकांचाच ट्रिगर हलका करून घेऊ. इथे मी हात जोडतो. ते करू नका. तो ट्रिगर जड आहे तो कमरेला, गाडीत, उशाशी चुकून सुटू नये म्हणून. तो हलका केला की काकांकडे ना धड बाळगायचं पिस्तूल राहिलं ना धड खेळायचं. अशा 'सुधारलेल्या' पिस्तुलाने घरातच अपघात होतो. कायद्याचंही आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात हत्याराची दुरुस्ती आणि फेरफार हे परवान्याचं काम आहे, ओळखीच्या टर्नरकडे लेथवर करून घ्यायचं नाही. काकांच्या परवान्यावर प्रयोजन लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा. स्वसंरक्षणासाठी दिलेलं हत्यार पुतणीच्या सरावाला काढायचं नसतं. आपल्या भागात परवान्याचं पिस्तूल म्हणजे अर्धा रुबाबच असतो, वरातीत हवेत बार काढणारेही आपण सगळ्यांनी पाहिलेत. पोरीचा खेळ ह्या रुबाबापासून जितका लांब ठेवाल तितकं बरं.

एक जोडप्रश्न लोक नेहमी विचारतात, तोही इथेच घेतो. पॅरिसला २०२४ साली टर्कीचा युसुफ डिकेच साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून उभा राहिला आणि मिश्र सांघिक प्रकारात रौप्य घेऊन गेला. लगेच सगळीकडे सुरू झालं, "बघा, महागड्या सामानाची गरजच नाही." फोटो नीट बघा. त्याने सोडलं ते डोळ्यावरचं भिंगाचं आणि झापडाचं सामान. हातातलं पिस्तूल पूर्ण स्पर्धेचं एअर पिस्तूल होतं. आणि खिशातला हात ही स्टाइल नव्हे. मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो, म्हणून बहुतेक नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. दुसऱ्या बाजूने, भारी पिस्तूल दगा देत नाही असंही नाही. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पुढे पॅरिसला तिने दोन कांस्यं घेतली.

तर बहिणीकडे येऊ. सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानेच करा. एकवीस वर्षांखाली बंदुकीचा परवाना मिळत नाही. अल्पवयीन खेळाडूच्या प्रशिक्षणासाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, पण त्या वाटेला आत्ता जाण्याचं कारण नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल .१७७ बोअरचं असतं आणि त्याची ताकद २० ज्यूलच्या मर्यादेच्या बरीच खाली, पाच-सहा ज्यूलच्या आसपास, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. १० मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे जे शिकेल ते पुढे २५ मीटरला सगळं कामी येतं.

पहिलं वर्षभर पिस्तूल विकत घेऊ नका. नवीन विदेशी पिस्तूल लाखाच्या बरंच वर जातं, आणि चौदाव्या वर्षी हाताचा पंजा अजून वाढतोय. क्लबच्या पिस्तुलावर शिकू दे. तुमच्याकडे जवळ रेंज आहे की नाही, आठवड्यातून किती दिवस येणं जमेल, शाळेचं काय, ह्यावर खूप अवलंबून आहे, आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. रोज येणं जमत नसेल तर घरी भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने होल्ड (नेम धरून थांबणं) आणि ड्राय फायरिंग (नुसता ट्रिगर दाबणं) करता येतं. चांगल्या पिस्तुलांना त्यासाठी वेगळी कळ असते, हवा न सोडता ट्रिगर चालतो. गोळ्या न झाडता केलेला हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण माझ्याकडे जी पोरं टिकली ती सगळी त्यातून गेलेली आहेत.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ग्रिपवर करा. स्पर्धेच्या आणि साध्या पिस्तुलातला हाताला सर्वांत आधी कळणारा फरक हाच. साध्या पिस्तुलाची मूठ सगळ्यांची असते, स्पर्धेच्या पिस्तुलाची एकाच माणसाची. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, खाली हाताला टेकू देणारी सरकती फळी. पोरगी डोळे मिटून हात उचलते, मी म्हणतो उघड, आणि बघतो फोरसाइट खाचेच्या मध्ये आहे का. डावीकडे गेलेली असली तर तळहाताच्या कोणत्या उंचवट्याने ढकललंय ते बोटाने चाचपायचं. तिथलं लाकूड कानशीने थोडं घासायचं, पोकळी असेल तिथे पुट्टी भरायची, परत हात उचलायचा. एका बैठकीत होत नाही. हात घामेजला की वेगळा बसतो, म्हणून मी उन्हाळ्यात केलेलं काम दिवाळीनंतर परत तपासतो. नियमाची एक अट लक्षात ठेवा: ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला वेढून आधार देता कामा नये.

सेकंडहँड एअर पिस्तूल मिळतंय म्हणून कुणी तुम्हाला फोन करेलच, मराठवाड्यात हा बाजार तोंडी चालतो. चॅम्पियनचं आहे, कमी वापरलंय, सगळं सांगतील. तुम्ही आधी सिलिंडर बघा. त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि हातात धरण्याजोगंही नसतं. नवीन सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. मग ट्रिगरचा दुसरा टप्पा दर वेळी एकाच जागी लागतो का ते वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. हवा भरायची सोय काय, हेही आधी ठरवा. अंबाजोगाईत पंप नसेल तर हातपंप लागतो, आणि २०० बारपर्यंत हातपंप मारणं हे घरातल्या थोरल्या भावाचं काम असतं, एवढं मी आत्ताच सांगून ठेवतो.